केसांतला पत्ता

प्रणिता नागणे गेली पाच वर्षं मंगळवेढ्यात राहत आहे, असं कळवणारं सरकारी पत्र प्रणिता नागणेला हेल्मारमधल्या तिच्या घरी मिळालं. फोनवर ते उघडलं तेव्हा ती जुईच्या पायात बर्फाचे बूट कोंबत होती. एक बूट हातात धरून तिनं पत्र दोनदा वाचलं, आणि ‘अहो, मी इथं आहे की’ असं मोठ्यानं म्हणाली. जुई म्हणाली, हो, आणि माझा दुसरा बूटपण तुझ्याकडेच आहे.

हेल्मार हे उत्तरेकडच्या एका देशातलं बंदर. देशाचं नाव सांगून काही फायदा नाही. असली कार्यालयं सगळीकडे एकाच साच्यातून काढलेली असतात. प्रणिता आणि तिचा नवरा तन्मय क्षेमकल्याणी लग्नानंतर लगेच तिथं आले. पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. पात्यावर हात फिरवून, ठोकून, यंत्र लावून भेग शोधायची. समुद्रातल्या पवनचक्क्या किनाऱ्यावरच्या केंद्रातून चालवतात, तिथं तन्मय पाळ्या करायचा. जुई हेल्मारलाच जन्मली, आता पाच वर्षांची होती.

सलग पाच वर्षं देशात काढली की कायम वास्तव्याचा परवाना मिळे. सलग म्हणजे सलग. म्हणून तिघं एकदाही भारतात गेली नव्हती. प्रणिताची आई गेली तेव्हासुद्धा ती गेली नाही. स्वयंपाकघरात फोन उभा करून तिनं आईला शेवटचं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली, कारण हजेरीत खंड नको. आणि आता हे पत्र सांगत होतं, की ती तेव्हा मंगळवेढ्यातच होती. राग येणं म्हणजे काय, ते प्रणिताला त्या सकाळी नव्यानं कळलं.

पत्रात आणखी तीन गोष्टी होत्या. तन्मयचा अर्ज मंजूर झाला होता. जुई वडिलांच्या परवान्यावर राहू शकत होती. आणि प्रणितानं दोन महिन्यांत देश सोडावा, वाटल्यास आपल्या नेहमीच्या राहत्या ठिकाणाहून, म्हणजे मंगळवेढ्याहून, पुन्हा अर्ज करावा.

ही भानगड नीट समजायची तर थोडं मागं जावं लागेल. खोटी कागदपत्रं करणं मधल्या काळात इतकं सोपं झालं, की खऱ्या कागदांची किंमतच गेली. शिक्के, तिकिटं, हजेरी, फोटो, चालतंबोलतं चित्रण, जे हवं ते यंत्र घरबसल्या करून देई. हेल्मारमध्ये नावाला एक खोली घ्यायची आणि वर्षभर कुठंतरी ऊन खात बसायचं, अशी शेकडो मंडळी परवाने घेऊन मोकळी झाली. ते उघडकीला आलं तेव्हा सरकारनं कागदावरचा विश्वासच काढून घेतला आणि तो केसांवर ठेवला.

कल्पना हुशारीची होती, नाही असं नाही. खडकांत रुबिडियम नावाचं मूलद्रव्य असतं. कोट्यवधी वर्षांत ते आपोआप बदलून स्ट्रॉन्शियमचा एक खास प्रकार होतं. खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितकं जास्त, तितका हा प्रकार जास्त सापडतो. हेल्मारच्या पोटातला ग्रॅनाइट पृथ्वीवरच्या म्हाताऱ्या खडकांपैकी. आपला दख्खनचा काळा पाषाण त्याच्यापुढे कालचं पोर, लाव्हारसातून आलेला आणि रुबिडियमच्या बाबतीत कोरडा. खडकाची माती होते, मातीतलं स्ट्रॉन्शियम पिकात चढतं, पिकातून माणसात उतरतं. शरीर त्याला कॅल्शियमचा भाऊबंद समजून ठेवून घेतं आणि थोडं केसात टाकतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. टोकापासून मुळापर्यंत वाचत आलं की माणूस कोणत्या वर्षी कुठल्या मातीवर जगत होता, ते उलगडत जातं. त्याच्या जोडीला कार्बन. ज्वारी, बाजरी, मका ही पिकं हवेतला कार्बन गव्हा-बटाट्यापेक्षा वेगळ्या रीतीनं पकडतात, आणि तीही खूण केसात राहते.

पाण्याचीही खूण केसात उमटते. तिच्यावरून प्रणिता एका दिवसात सुटली असती, कारण पाणी ती हेल्मारच्याच नळाचं प्यायची. पण उन्हात बसणाऱ्या त्या मंडळींनी हेल्मारचं पाणी डब्यांत भरून मागवायला सुरुवात केली. त्याचा मोठा धंदाच उभा राहिला. मग सरकारनं पाण्याची खूण चाचणीतून वगळली. पाणी कुणीही मागवेल, रोजचं जेवण पाच हजार मैलांवरून कोण मागवतं, असा त्यांचा हिशेब होता. नागण्यांचं घर त्यांना माहीत नव्हतं.

प्रणिताचे वडील, आप्पा, मंगळवेढ्यात पिठाची गिरणी चालवायचे. गिरणी त्यांचा जीव होती आणि मुलगी त्याहून थोडी जास्त. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी जगात कुठं पिकत नाही, असं त्यांचं ठाम मत. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून आप्पा दर महिन्याला ताजं दळून पाठवत. सोबत तूरडाळ, शेंगांची चटणी, काळा मसाला आणि वर भरीला कडक भाकऱ्यांची चळत. प्रणिता सकाळी भाकरी खायची, डब्यात भाकरी न्यायची, संध्याकाळी भाकरी खायची. तिथल्या मंडळींना वाटे, ही बाई रोज पुठ्ठा खाते. तिची वेणी कमरेखाली जायची, आणि त्या वेणीच्या इंचाइंचात मंगळवेढ्याचं रान होतं. तन्मयचे केस मात्र न्हाव्याच्या मशीननं उडवलेले. त्यात जेमतेम दोन-तीन महिने मावत होते, आणि तेही केंद्राच्या कँटीनमधल्या माशाचे आणि बटाट्याचे. कार्यालयाला तेवढे पुरले.

वास्तव्य कार्यालयात तिची गाठ ऑकरबाईंशी पडली. उंच, सावकाश बोलणाऱ्या, पन्नाशीच्या बाई. त्या देशात नम्रपणा फार. नकारसुद्धा आधी कॉफी विचारून देतात. प्रणितानं हजेरीपट दाखवला, कराच्या पावत्या दाखवल्या, दंतवैद्याकडचे दाताचे फोटो दाखवले. हे सगळं बनवता येतं, ऑकरबाई म्हणाल्या. प्रणितानं कारखान्यातल्या सहकाऱ्यांना साक्षीला आणते म्हटलं. मानवी साक्ष हा प्रकार गेल्याच्या गेल्या वर्षी बंद झाला होता. केसांत धान्याचा पत्ता दिसतो, माणसाचा नाही, हे तिनं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावलं. ऑकरबाईंनी ते तिन्ही वेळा टिपून घेतलं आणि तिन्ही वेळा तोच कागद पुढे सरकवला.

“मी आत्ता तुमच्यासमोर बसले आहे. त्याचं काय?” प्रणितानं विचारलं.

“आज तुम्ही इथं आहात, याबद्दल कार्यालयाचा काहीच आक्षेप नाही,” ऑकरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी हळूच दुसरी गोष्ट काढली. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या केसांतल्या खुणा एकमेकींशी जुळतात. नवरा-बायकोच्या तर सहसा जुळतातच, कारण चूल एक असते. प्रणिताच्या आणि तन्मयच्या खुणा दोन खंडांतल्या अनोळखी माणसांच्या असाव्यात इतक्या लांब होत्या. त्यामुळे हे लग्न केवळ परवान्यासाठी आहे की काय, अशीही एक शंका फायलीत नोंदवली होती. हे ऐकून प्रणिताला खरं तर चवताळून उठायला हवं होतं. पण पहिल्यांदाच कार्यालयानं असं काही म्हटलं होतं, जे साफ खोटं नव्हतं.

आप्पा पीठ पाठवतात हे पार्सलांच्या नोंदींवरून सिद्ध करणं सगळ्यांत सोपं होतं, आणि नेमकं तेच करता येत नव्हतं. पहिल्याच वर्षी एक पार्सल हेल्मारच्या बंदरावर अडलं होतं, पिठात किडे असतील म्हणून. तेव्हा सोलापूरच्या कुरिअरवाल्यानं आप्पांना सल्ला दिला, की पीठ म्हणू नका, आयुर्वेदिक उटणं म्हणा, उटण्याला कुणी विचारत नाही. आप्पा सरळ माणूस. सांगितलं ते त्यांनी दर महिन्याला इमानेइतबारे लिहिलं. त्यामुळे सरकारी नोंदीप्रमाणे प्रणिता नागणे महिन्याला आठ किलो उटणं अंगाला लावत होती. खरं सांगावं तर पाच वर्षांची खोटी घोषणा कबूल करावी लागणार, आणि तेवढ्यावरूनही अर्ज फेटाळता येत होता. आपण अमावस्येला जन्मलो की काय, असं प्रणिताला वाटायला लागलं.

तन्मयनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो नाशिकचा, वाईट मुळीच नव्हता. फक्त कुठलीही अडचण समोर आली की ती खोलीच्या बाहेर कशी काढायची एवढंच त्याला सुचे. तो म्हणाला, की भांडत बसून निकाल आणखी बिघडेल. तू परत जा, तिथून अर्ज कर, वर्ष-दीड वर्षात येशील. जुई माझ्याजवळ राहील, तिची शाळा बुडायला नको.

प्रणितानं विचारलं, की आणि तुझ्या पाळ्या? त्यावर तो म्हणाला, काहीतरी करू. संसारात ‘काहीतरी करू’ म्हणजे करणारा दुसरा कुणीतरी असतो, हे तिला सहा वर्षांत पुरतं कळलं होतं. तिनं पुढे वाद घातला नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं परातीत पीठ घेतलं आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात भाकरी थापली.

आता तिच्यापुढे प्रश्न एकच होता, आणि तो फार सरळ होता. दोन महिन्यांत आपण इथं राहत होतो हे पटवायचं, नाहीतर पोरीला सोडून विमानात बसायचं.

जुईची वेणी घालताना तिला मार्ग सुचला. जुईचे केस कधीच कापलेले नव्हते. नागण्यांच्या घरात मुलींचंही जावळ काढतात, मामाच्या मांडीवर बसवून, मंगळवेढ्यालाच. पहिल्या वर्षी जाता आलं नाही, तिसऱ्या वर्षी नाही, आता पाचवं उलटत चाललं होतं. आप्पा दर फोनला आठवण काढायचे, प्रणिता दर वेळी परवान्याचं सांगायची. त्यामुळे तान्हेपणीचे काही केस तिच्या डोक्यावर अजून तसेच होते, पार कमरेपर्यंत आलेले. आणि दूध सुटल्यापासून ही पोर आईच्या ताटातली भाकरी कुस्करून खात मोठी झालेली.

प्रणिताचा हात थांबला. जुई हेल्मारच्या सरकारी दवाखान्यात जन्मली होती. दर महिन्याला तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात तिचं वजन होई, लस दिली जाई, ओळख पटवायला लाळेचा नमुना घेतला जाई. ते कागद प्रणिताचे नव्हते, खुद्द सरकारचे होते. ही मुलगी एक दिवसही देशाबाहेर गेलेली नाही, हे सरकारला नाकारता येणार नव्हतं. आणि तिच्या केसांत मात्र मंगळवेढा निघणार होता. मग तो तिथं आला कुठून?

एका वकिलानं पडद्यावरून सल्ला दिला, की हा पुरावा जबरदस्त आहे आणि तितकाच धोक्याचा. कार्यालयानं स्वतःच्या दवाखान्यावर विश्वास ठेवला तर तुम्ही सुटलात. यंत्रावर ठेवला, तर जुईचं वास्तव्यही संशयात येईल, आणि मग तिला वडिलांच्या परवान्यावरही राहता येणार नाही. शिवाय मुलाचा नमुना द्यायला आई आणि वडील, दोघांची संमती लागते.

तन्मयनं साफ नकार दिला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. तू स्वतः बुडतेस आणि पोरीला ओढतेस, असं तो म्हणाला. त्यात तथ्य होतं, हे प्रणितालाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं आप्पांना फोन लावला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मागं गिरणीचा पट्टा फिरत होता, तो त्यांनी बंद केला.

“जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतंय बग,” ते म्हणाले. “पर लेकराची आई सुटत असंल तर देव काय रागवायचा न्हाई. काप तू. आन त्या उटण्याचंबी सांगून टाक. माज्या नावावर घाल. मी म्हातारा मानूस, मला काय फाशी देत्यात व्हय?”

प्रणिता फोन ठेवून रडली. आई गेल्यावर राहिलेलं रडणंही त्यात होतं.

त्या संध्याकाळी तन्मय कँटीनमधून जेवून आला, नेहमीसारखा. जुई टेबलाशी चित्र काढत होती. प्रणितानं आवाज न चढवता त्याला विचारलं, की मी गेल्यावर जुईला सकाळी काय खायला देशील. तो म्हणाला, पाव. ती पाव खात नाही, प्रणितानं सांगितलं. मग दूध आणि ते कुरकुरीत काय असतं ते. तेही ती खात नाही. तन्मयनं जुईला विचारलं, तुला काय आवडतं गं? जुईनं मान वर न करता सांगितलं, की कुस्करलेली भाकरी, दूध, वर गूळ, आणि शनिवारी शेंगांची चटणी. बापाला हे माहीत नाही याचं तिला काही विशेष वाटलं नाही, आणि तन्मयला नेमकं तेच लागलं. त्यानं संमतीवर सही केली.

नमुना कार्यालयातच घ्यायचा होता. जुईला उंच खुर्चीवर बसवायला तिथली बाई पुढे आली, तेव्हा प्रणिता म्हणाली, की हिला कुणाच्या तरी मांडीवर बसवायचं असतं. ऑकरबाईंनी नियम पाहिला. मांडीविरुद्ध नियम नव्हता. तन्मय खुर्चीवर बसला, जुई त्याच्या मांडीवर बसली. चिमट्यानं बाजूला काढलेली एक बारीकशी बट मुळाशी कापली गेली. ना हळद, ना कुंकू, ना मामा, ना पेढे. प्रणितानं मनातल्या मनात आईचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

निकाल तासाभरानं पडद्यावर आला. दोन रेघा होत्या, आईची आणि मुलीची. तान्हेपणीचा थोडा भाग सोडला तर त्या एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या, की एकच रेघ दिसत होती. ऑकरबाईंनी पडदा जवळ ओढला. एका बाजूला यंत्र म्हणत होतं की मूल मंगळवेढ्यात वाढलं, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच सरकारचा दवाखाना म्हणत होता की मूल दर महिन्याला हेल्मारच्या वजनकाट्यावर उभं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

प्रणितानं मग उटण्याचं सांगून टाकलं. आधी ऑकरबाईंचा समज झाला, की हे कुटुंब उटणं खातं. तो गैरसमज दूर होईपर्यंत बराच वेळ गेला. खोटी घोषणा पाठवणाऱ्याची, म्हणून ती स्वतंत्र फाईल होईल, आणि यापुढे पिठाला पीठच म्हणावं आणि ते बंदरावर तपासून घ्यावं, असं त्यांनी बजावलं. पण एवढ्यानं काम झालं नव्हतं. पीठ हेल्मारला येत होतं हे ठरलं. त्या घरात कुणीतरी रोज भाकरी करत होतं हेही ठरलं. ते कुणीतरी प्रणिताच कशावरून?

“मग दुसरं कोण करणार?” प्रणितानं विचारलं.

“तुमचे पती.”

तन्मय म्हणाला, की त्याला भाकरी येत नाही. ऑकरबाईंनी विचारलं, प्रयत्न केला होता का? नाही, तो म्हणाला. निदान खात तरी असाल? त्यावर त्यानं आधी प्रणिताकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि सांगितलं की तो कँटीनमध्ये जेवतो. रोज? जवळजवळ रोज. सुटीच्या दिवशी? सुटीच्या दिवशीही कँटीन चालू असतं.

ऑकरबाईंनी पडद्यावर तिसरी रेघ आणली, तन्मयची, आखूड. ती त्या दोघींच्या कितीतरी वर, एकटीच होती. आता झालं असं, की घरात दोन माणसं जुळली आणि वेगळा पडला तो ज्याचा अर्ज मंजूर झाला होता. जो भाकरी खातच नाही तो ती रोज थापणार नाही, म्हणून मुलीच्या सोबत आई होती, हे कार्यालयाला मान्य झालं. प्रणिताचा परवाना तिच्या स्वतःच्या नावावर मंजूर करायला हरकत उरली नव्हती. पण तन्मयचा परवाना कुटुंबासह राहणारा कमावता माणूस म्हणून दिला होता. तो कुटुंबासह राहतच नसेल, तर त्याचा परवाना रद्द होत होता.

“बनवता येण्याजोगा कुठलाच पुरावा इथं चालणार नाही,” ऑकरबाई प्रणिताला म्हणाल्या. “पण आता कुटुंबप्रमुख तुम्ही आहात, आणि कुटुंबप्रमुखाला एक प्रश्न विचारण्याची तरतूद आहे. हे गृहस्थ तुमच्याबरोबर राहतात का?”

खोलीत फक्त जुईच्या बुटांचा आवाज होता. ती पाय हलवत होती. प्रणिताला सहा वर्षांतल्या संध्याकाळी आठवल्या. झाकून ठेवलेली ताटं, मग झाकून ठेवणंच बंद झालेलं, मग दोनच ताटं वाढायची पडलेली सवय. आई गेली त्या दिवशी तो पाळीवर होता आणि पाळी बदलून मागणं त्याला अवघड वाटलं होतं, तेही आठवलं. ‘तू परत जा’ हे तर ताजंच होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द खोटाही ठरला नसता.

“राहतात,” ती म्हणाली. “जेवत नाहीत.”

ऑकरबाईंनी पडद्याकडे पाहिलं. तसं लिहायला जागा नव्हती. हो किंवा नाही, एवढंच सांगा, त्या म्हणाल्या.

प्रणिता इतका वेळ गप्प राहिली, की तन्मयनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. गेले काही आठवडे ती ज्या भीतीत जगत होती, ती आता त्याच्याकडे आली होती, आणि ते बघून तिला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही बरं वाटलं नाही. तो जुईचा बाप होता, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता.

“हो,” ती म्हणाली.

शिक्के उमटले. तिघांचेही परवाने मंजूर झाले. सहा महिन्यांनी तिघांच्या केसांचा नमुना पुन्हा घेतला जाईल आणि तेव्हा कुटुंबाच्या खुणा जवळ आलेल्या दिसाव्यात, अशी एक अट ऑकरबाईंनी खाली जोडली. मग त्यांनी विचारलं, कॉफी घेणार का?

बाहेर रस्त्यावरचा बर्फ वितळून चिखल झाला होता. तिघं बसथांब्याकडे चालत गेली. तिथं पोचल्यावर तन्मयनं विचारलं, “तू नाही म्हणणार होतीस?”

“आजवर कुणी विचारलंच नव्हतं,” प्रणिता म्हणाली. “म्हणून जरा विचार करत होते.”

बस आली, तिघं चढली, जुई खिडकीशी बसली. तन्मय मागच्या बाकावरून पुढे वाकला आणि म्हणाला, की आज संध्याकाळी तो घरीच जेवेल. पाळी बदलून घेईल. हे तो अटीच्या भीतीनं म्हणतोय की आणखी कशानं, ते प्रणिताला कळायला मार्ग नव्हता. सहा महिन्यांनी त्याच्या केसांवरूनही ते कळणार नव्हतं.

“जेव,” ती म्हणाली. “पीठ डब्यात आहे, परात वरच्या फळीवर आहे. पण भाकऱ्या तुला थापाव्या लागतील, तिघांच्या. मी दमले आहे.”

आणि ती खरोखरच दमली होती.